चालू व्हीएम हलवताना समांतर चॅनेल किती ठेवायचे?

घाटमाथा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे केव्हीएमवर (लिनक्समधला हायपरव्हायजर, म्हणजे एका सर्व्हरवर अनेक आभासी यंत्रं चालवणारी सोय) बरीच मोठी व्हीएम, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, चालतात. त्यातलं सगळ्यांत मोठं डेटाबेसचं, ५१२ जीबी रॅमचं. होस्टच्या, म्हणजे व्हीएम ज्यावर चालतं त्या खऱ्या सर्व्हरच्या, कर्नलचं अपडेट आलं की ते चालू अवस्थेतच दुसऱ्या होस्टवर न्यावं लागतं. दोन्ही होस्टना २५ गिगाबिटचे दोन-दोन पोर्ट आहेत आणि ते एलएसीपी बॉन्डमध्ये बांधलेले आहेत, म्हणजे दोन पोर्ट मिळून एकच जोडणी.

एकाच कनेक्शनवर मायग्रेशन, म्हणजे हे हलवणं, चालवलं की होस्टचा एक कोअर शंभर टक्क्यांवर जाऊन बसतो आणि लिंक अर्धी रिकामी राहते. म्हणून लिबव्हर्टचा (व्हीएम सांभाळणारी व्यवस्था) पॅरलल पर्याय चालू केला, म्हणजे आत व्हीएम प्रत्यक्ष चालवणाऱ्या क्यूईएमयूचं मल्टीएफडी : एकाऐवजी अनेक कनेक्शनवरून, म्हणजे चॅनेलवरून, मेमरी पाठवणं. त्यात मूळ चॅनेल दोन असतात. चार केले तेव्हा चांगला फरक पडला, आठला थोडा, सोळाला वेग तेवढाच राहिला आणि वर डेटाबेसच्या क्वेरी रेंगाळायला लागल्या. एकूण वेग २५ गिगाबिटच्या आसपास अडकतो, त्यापुढे जातच नाही.

चॅनेलचा आकडा ठरवायची काही रीत आहे का? की प्रत्येकाने आपापल्या लोडवर बघूनच ठरवायचं? माझं मत असं बनत चाललंय की हा आकडा सगळ्यांत शेवटी ठरवायची गोष्ट आहे आणि आपण सगळे सुरुवात तिथून करतो. पण समांतर पाठवण्याची रचना आतून जशी आहे तशी का केली, हे कळल्याशिवाय हे मत पक्कं करायचं नाही. जाणकारांनी लिहावं.

---

निशाचर_अ‍ॅडमिन

२५ वर अडकतंय म्हणजे आधी बॉन्डचं हॅश धोरण बघा. लिनक्स बॉन्डिंगमध्ये मूळ धोरण लेयर २ चं असतं, म्हणजे मॅक पत्त्यावरून (नेटवर्क कार्डाचा पत्ता) पोर्ट ठरतो. दोनच होस्ट एकमेकांशी बोलत असतील तर मॅकची जोडी एकच, त्यामुळे सोळा चॅनेल काढा नाहीतर साठ, सगळे एकाच पोर्टमधून जाणार. लेयर ३+४ ठेवलं तर टीसीपी पोर्ट क्रमांकही हिशेबात येतो आणि चॅनेल विभागले जातात.

---

मृण्मयी_आकाश

धागा रंगणार असं दिसतंय, म्हणून बसलेय. पण मी टेस्टिंगमध्ये आहे, यातलं निम्मं डोक्यावरून गेलं. चालू व्हीएम हलवतात म्हणजे नक्की काय करतात? आत प्रोग्राम चालू असताना मेमरी कशी उचलतात?

---

कोकणी_कर्नल

मृण्मयीताई, आमच्या अंगणात प्राजक्त आहे. सकाळी झाडायला घेतलं की या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचेस्तोवर मागे पुन्हा फुलं पडलेली असतात. मग दुसरा फेरा. तो पहिल्यापेक्षा लवकर होतो, कारण फुलं कमी. तिसरा आणखी लवकर. शेवटी चारच फुलं उरली की तेवढ्यापुरतं झाड हातानं धरायचं, ती उचलायची आणि मोकळं व्हायचं.

प्री-कॉपी म्हणजे हेच. पहिल्या फेरीत सगळी मेमरी पाठवतात. तेवढ्या वेळात व्हीएमने ज्या पेजवर (मेमरीचा छोटा तुकडा) पुन्हा लिहिलं ती ‘डर्टी’ म्हणून टिपून ठेवतात आणि पुढच्या फेरीत फक्त तीच पाठवतात. उरलेला ढीग ठरलेल्या वेळात जाईल इतका लहान झाला की व्हीएम क्षणभर थांबवतात, शेवटची पेजेस आणि डिव्हाइसची अवस्था पाठवतात आणि पलीकडे व्हीएम चालू करतात. क्यूईएमयूमध्ये या क्षणभराची मूळ मर्यादा ३०० मिलिसेकंद आहे.

२००५ मध्ये झेन हायपरव्हायजरवर हे करून दाखवणारा केंब्रिजच्या लोकांचा निबंध प्रसिद्ध झाला. त्यांनी लोक खेळत असतानाच क्वेक ३ चा गेम सर्व्हर एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेला आणि खंड पडला फक्त ६० मिलिसेकंदांचा. व्हीएमवेअरचं व्हीमोशन त्याच्याही आधी, २००३ मध्ये आलं होतं.

---

मृण्मयी_आकाश

वा! आता कळलं. मग फुलं पडायचा वेग झाडण्यापेक्षा जास्त असला तर?

---

कोकणी_कर्नल

मग जन्मभर झाडत बसायचं. :) घाटमाथांच्या प्रश्नाचं मूळ तिथेच आहे.

---

बिटवाईज

मृण्मयी यांनी नेमक्या जागी बोट ठेवलं. जरा आकडे मांडतो, म्हणजे समांतर पाठवण्याचा एवढा खटाटोप का, ते दिसेल.

५१२ जीबी म्हणजे सुमारे ५५० अब्ज बाइट. १० गिगाबिटची लिंक पूर्ण भरली तर सेकंदाला सव्वा अब्ज बाइट जातात, म्हणजे पहिल्या फेरीलाच ४४० सेकंद. २५ गिगाबिटला १७६ सेकंद. इथवर सरळ अडीच पटींचा हिशोब आहे.

आता समजा डेटाबेस सेकंदाला एक अब्ज बाइटची नवी पेजेस खराब करतोय. २५ गिगाबिटवर प्रत्येक फेरी आधीच्या फेरीच्या ३२ टक्के होते : ५५०, १७६, ५६, १८, ६, २ आणि मग एक अब्जाच्या आत. ३०० मिलिसेकंदांत ही लिंक ०.९४ अब्ज बाइट वाहते, म्हणजे सहा फेऱ्यांत काम आटोपलं. एकूण वेळ साडेचार मिनिटांच्या आत.

१० गिगाबिटवर तेच प्रमाण ८० टक्के. ढीग जेमतेम कमी होत जातो, ३३ फेऱ्या लागतात आणि एकूण वेळ जातो सुमारे ३७ मिनिटांवर. लिंक अडीच पट, वेळेत फरक साडेआठ पट. आणि खराब होण्याचा वेग सेकंदाला १.३ अब्ज झाला तर १० गिगाबिटवर हे मायग्रेशन कधीच संपणार नाही.

प्रत्यक्षात हा वेग स्थिर नसतो. तीच ती पेजेस पुन्हा पुन्हा लिहिली जातात, त्यामुळे चित्र इतकं वाईट नसतं. पण कल हाच. म्हणून लिंक अर्धी रिकामी ठेवणारा एकुलता एक थ्रेड ही किरकोळ गैरसोय नाही. मायग्रेशन पूर्ण होणार की नाही, हेच त्यावर ठरू शकतं.

---

पेठकर

वाचनखूण साठवली. बिटवाईज, ३३ फेऱ्यांचं गणित उद्या मीटिंगमध्ये वापरणार आहे, परवानगी गृहीत धरतो.

---

अरुंधती_डीबीए

एक गोष्ट डेटाबेसवाल्यांच्या बाजूने. फुलं पडायचा वेग कमी करायचा म्हणून ऑटो-कन्व्हर्ज लावतात. म्हणजे व्हीएमच्या सीपीयूंना मुद्दाम ब्रेक लावायचा, सुरुवात २० टक्क्यांपासून, पुरलं नाही तर १०-१० नी वाढवत थेट ९९ टक्क्यांपर्यंत. कागदावर व्हीएम ‘चालू’ आहे. प्रत्यक्षात कनेक्शन पूल भरतात, ॲप्लिकेशनची टाइमआउट सुरू होतात, क्लस्टरमधला शेजारी नोड हा मेला असं समजून बदली नोड उभा करायला धावतो. ९९ टक्के ब्रेक लावलेल्या डेटाबेसपेक्षा दोन सेकंदांचा स्वच्छ खंड मला कधीही चालेल, फक्त आधी सांगा.

म्हणून ब्रेक लावण्याआधी लिंक पूर्ण वापरा, एवढंच माझं म्हणणं. मल्टीएफडीला माझा पूर्ण पाठिंबा. पण घाटमाथांनी लिहिलंय की सोळा चॅनेलला क्वेरी रेंगाळल्या. तो ब्रेकच झाला की, फक्त मागच्या दाराने आलेला.

---

जुना_सिस्टिमवाला

अरुंधतीताई, थोडा असहमत. दोन सेकंदांचा खंड तुम्हाला चालेल, पण त्याच व्हीएमवर शेअर बाजाराचे ऑर्डर येत असतील तर नाही चालणार. ब्रेक निदान हळूहळू लागतो आणि तुम्ही त्याला वरची मर्यादा घालू शकता. तो ९९ पर्यंत जाऊ द्यायचाच असं कुठे आहे?

---

अरुंधती_डीबीए

मर्यादा घालता येते हे मान्य. घालतं कोण, हा प्रश्न आहे. :)

---

बिटवाईज

धागाकर्त्यांच्या मूळ प्रश्नाकडे : रचना अशी का? लांबलचक लिहितोय, सांभाळून घ्या.

मल्टीएफडी हे मुख्यतः रेड हॅटच्या हुआन किंतेला यांचं काम. बराच काळ प्रायोगिक होतं, २०१९ च्या क्यूईएमयू ४.० पासून नेहमीच्या वापरासाठी खुलं झालं. मुख्य थ्रेड डर्टी पेजेस शोधतो, ४ केबीच्या १२८ पेजेसचा गठ्ठा बांधतो आणि जो चॅनेल त्या वेळी मोकळा असेल त्याच्या हातात देतो. प्रत्येक चॅनेलला स्वतःचा थ्रेड आणि स्वतःचं टीसीपी कनेक्शन.

इथे पहिला निर्णय : ‘जो मोकळा असेल त्याला’. दुसरा पर्याय होता मेमरीचे पत्त्यानुसार सरळ भाग पाडण्याचा. पहिला पाव हिस्सा पहिल्या चॅनेलचा, दुसरा दुसऱ्याचा. दिसायला सोपं, आणि त्यात एक मोठा फायदा असता, तो पुढे सांगतो. पण खराब होणारी पेजेस सगळीकडे सारखी विखुरलेली नसतात. डेटाबेसचा बफर पूल (त्याने रॅममध्ये ठेवलेला डेटा) एका हिश्श्यात आला की तो एकच चॅनेल मरमर मरतो आणि बाकीचे बसून राहतात. शिवाय एखादं कनेक्शन नेटवर्कवर मंदावलं तर तो अख्खा हिस्सा मागे पडतो. मोकळ्याला काम देण्याच्या पद्धतीत मंद चॅनेलला आपोआप कमी गठ्ठे मिळतात.

या निवडीची किंमत मात्र आहे. समजा ७००० क्रमांकाचं पेज पहिल्या फेरीत तिसऱ्या चॅनेलवरून निघालं. तेवढ्यात त्यावर पुन्हा लिहिलं गेलं आणि दुसऱ्या फेरीत तेच पेज पहिल्या चॅनेलवरून गेलं. तिसरा चॅनेल कुठेतरी खोळंबला असेल तर पलीकडे नवी प्रत आधी पोचेल आणि जुनी नंतर येऊन तिच्यावर बसेल. मेमरी भ्रष्ट! आणि तीही गुपचूप. कुठे एरर नाही, लॉग नाही. आठवड्याने डेटाबेसमध्ये एखादा चेकसम चुकेल तेव्हा कळेल. एकाच टीसीपी कनेक्शनमध्ये हा धोका नव्हता, कारण क्रम टीसीपी सांभाळत होतं. पत्त्यानुसार विभागणी असती तरी नसता, कारण एक पेज कायम एकाच चॅनेलवरून गेलं असतं. तोच तो मोठा फायदा.

उपाय म्हणून मध्ये मध्ये सगळ्यांना थांबवून हजेरी घ्यावी लागते : सगळे चॅनेल इथवरचं सगळं पोचवतील आणि मगच पुढची फेरी सुरू होईल. सुरुवातीला ही हजेरी प्रत्येक छोट्या तुकड्यानंतर घेतली जायची. सुरक्षित, पण प्रत्येक वेळी सगळे सगळ्यांत मंद चॅनेलसाठी थांबणार. जलद नेटवर्कवर हे फार जाचायला लागलं. मग लक्षात आलं की एका फेरीत एक पेज एकदाच जातं, म्हणजे फेरी संपताना एकदा हजेरी घेतली तरी पुरे. हा बदल २०२३ च्या ८.१ मध्ये आला. जुन्या मशीन टाइपसाठी (व्हीएमला दिसणाऱ्या हार्डवेअरची आवृत्ती) जुनी वागणूक मुद्दाम राखून ठेवली आहे, कारण दोन्ही बाजूंचा समज एकच असायला हवा. घाटमाथा, तुमच्या व्हीएमचा मशीन टाइप ८.० किंवा त्याआधीचा असेल तर क्यूईएमयू नवं असूनही ही जुनी हजेरी चालू असेल. तेवढं बघून घ्या.

प्रत्येक पेजला आवृत्ती क्रमांक द्यायचा आणि जुनी आवृत्ती आली तर पलीकडे टाकून द्यायची, असाही मार्ग सुचतो. पण ५१२ जीबी म्हणजे साडेतेरा कोटी पेजेस. प्रत्येकाचा क्रमांक सांभाळायचा, प्रत्येक पेज लिहिताना तो तपासायचा आणि दोन थ्रेड एकाच वेळी एकाच पेजवर आले तर कुलूपही लावायचं. फेरीअखेरची एक हजेरी त्याहून स्वस्त. मला हा निर्णय बरोबर वाटतो.

---

मांडवी_काठ

बिटवाईज, सुरेख. ‘गुपचूप भ्रष्ट’ वाचून अंगावर काटा आला. आमच्याकडे पणजीत एका क्लायंटने याच धास्तीने मल्टीएफडी बंद ठेवलंय. त्यांना आता हा प्रतिसाद दाखवते.

---

एडिनबर्गचा_पाटील

सगळं समांतर करूनही एखादी गोष्ट एकाच थ्रेडकडे राहिली तर ती सगळ्यांना रोखते. मल्टीएफडीत ती गोष्ट बराच काळ होती शून्य पेज ओळखणं. व्हीएमच्या मेमरीत बरीच पेजेस पूर्ण कोरी असतात, ती पाठवायची गरज नसते, ‘हे कोरं आहे’ एवढं कळवलं की झालं. पण कोरं आहे हे कळायला ४०९६ बाइट वाचावे लागतात, आणि हे काम मुख्य थ्रेड करत होता. चॅनेल कितीही वाढवा, गठ्ठे बांधणारा एकटाच. २०२४ च्या ९.० मध्ये ही तपासणी चॅनेलच्या थ्रेडकडे सोपवण्यात आली.

म्हणून चॅनेल वाढवूनही वेग वाढत नसेल तर आधी कोणता थ्रेड शंभरवर आहे ते बघा. मुख्य थ्रेड शंभरवर असेल तर आणखी चॅनेलचा उपयोग शून्य. चॅनेलचे सगळे थ्रेड शंभरवर असतील तरच आकडा वाढवा. आणि कुणीच शंभरवर नसेल तर अडचण नेटवर्कमध्ये किंवा पलीकडच्या होस्टवर आहे.

---

जुना_सिस्टिमवाला

पलीकडचा होस्ट! तो सगळे विसरतात. पाठवणारा नुसता वाचतो. घेणाऱ्याला मात्र प्रत्येक पेजसाठी आधी मेमरी मिळवावी लागते, पेज फॉल्ट होतो, कर्नल ते पेज पुसून देतो, मग त्यात लिहायचं. अनेक थ्रेड एकाच प्रोसेसमध्ये हे करू लागले की मेमरीच्या कुलपासाठी रांग लागते. ह्यूज पेजेस, म्हणजे ४ केबीपेक्षा खूप मोठी पेजेस, वापरली तर हा त्रास खूप कमी होतो.

---

चिंचवडकर

आणि एन्क्रिप्शन? आमच्याकडे ऑडिटवाल्यांनी टीएलएसशिवाय काहीच हलवायचं नाही असं लिहून घेतलंय. एका थ्रेडवर एन्क्रिप्शन म्हणजे लिंकपेक्षा कोअरचीच मर्यादा आधी लागते. मल्टीएफडीचा आम्हाला खरा फायदा तिथे झाला, कारण एन्क्रिप्शनसुद्धा चॅनेलनिहाय वाटलं गेलं. उलट झिरो कॉपी, म्हणजे सीपीयूने डेटा मध्ये कॉपी न करता थेट मेमरीतून नेटवर्क कार्डाकडे पाठवणं, २०२२ च्या ७.१ मध्ये आलं, ते टीएलएसबरोबर चालतच नाही. कॉम्प्रेशनबरोबरही नाही. डेटावर काही प्रक्रिया करायची असेल तर तो हातात घ्यावाच लागतो ना. वेग हवा की गुप्तता, यातून एक निवडायची वेळ येते. आमच्यासाठी ती निवड ऑडिटने केलेली आहे.

---

सह्याद्री_सर्व्हर

प्रॉक्समॉक्स (केव्हीएमवरची व्हीएम सांभाळणारी व्यवस्था) वापरणाऱ्यांसाठी : तिथे मायग्रेशन मुळात एसएसएचच्या एन्क्रिप्टेड बोगद्यातून जातं. सेटिंगमध्ये ‘इनसिक्युअर’ केलं तर बोगदा निघतो आणि वेग बऱ्यापैकी वाढतो. पण फक्त त्याच कामासाठी वेगळं, बंदिस्त नेटवर्क असेल तरच. मेमरी उघडी जाते म्हणजे आतल्या पासवर्डसकट जाते, हे ध्यानात ठेवा.

---

पेठकर

कॉम्प्रेशनवरून आठवलं. झेडएसटीडी लावून बघितलंय का कुणी?

---

एडिनबर्गचा_पाटील

२५ गिगाबिटवर नका लावू. सेकंदाला तीन अब्ज बाइट दाबायचे म्हणजे बरेच कोअर खर्ची पडतात, आणि ते कोअर तुमच्या व्हीएमच्याच तोंडचे. दोन शहरांमधल्या एक-दोन गिगाबिटच्या लिंकवर मात्र जरूर लावा. तिथे सीपीयू मोकळा असतो आणि वायर महाग. हार्डवेअर प्रवेगक असेल, इंटेलचं क्यूएटी किंवा आयएए, तर गणित बदलतं. त्यांचा आधार अलीकडच्या आवृत्त्यांत आला आहे.

लांबच्या लिंकवर समांतर कनेक्शनचं आणखी एक कारण असतं. १० गिगाबिट आणि ६० मिलिसेकंदांचा फेरा म्हणजे ७५ एमबी डेटा कायम वाटेत असायला हवा, तर लिंक भरते. एकच टीसीपी कनेक्शन असेल आणि एक पॅकेट हरवलं तर त्याचा सगळा वेग खाली येतो. आठ असतील तर एकाचाच येतो. पण हेच दुसऱ्या बाजूनं बघा : त्या लिंकवर इतरांचीही एकेक कनेक्शन्स आहेत आणि तुम्ही आठ घेऊन आलात, तर कोंडीत आठ वाटे तुम्हाला. सामायिक लिंकवर बँडविड्थला वरची मर्यादा घालूनच चॅनेल वाढवावेत. ते शेजाऱ्यांशी नीट वागणं आहे.

---

कोकणी_कर्नल

रात्री अडीचला मेंटेनन्स विंडो उघडते तेव्हा ऑफिसबाहेरचा चहावाला बंद असतो. त्या कोंडीवर कुणी चॅनेल काढला तर मी त्याला दंडवत घालीन.

---

मृण्मयी_आकाश

:D

---

निशाचर_अ‍ॅडमिन

कर्नलसाहेब, थर्मास.

बरं, चॅनेलच्या आकड्याबद्दल आणखी एक. लेयर ३+४ हॅश केलं तरी कोणता चॅनेल कोणत्या पोर्टवर जाईल हे नशिबावर असतं, कारण निघणारा टीसीपी पोर्ट दर वेळी वेगळा. दोन लिंक आणि दोनच चॅनेल असतील तर दोघेही एकाच लिंकवर जायची शक्यता निम्मी. चार असतील तर सगळे एकाच बाजूला पडायची शक्यता आठात एक. आठ असतील तर एकशे अठ्ठावीसात एक. म्हणून बॉन्डवर चॅनेल लिंकच्या दुप्पट-चौपट ठेवण्यात अर्थ आहे, जरी एकेका थ्रेडला तितका भार नसला तरी. कालच्यापेक्षा आज वेग वेगळा का, याचं उत्तरही बऱ्याचदा एवढंच असतं.

---

व्हीमोशन_वीर

व्हीएमवेअरकडची बाजूही नोंदवतो. तिथे एका व्हीमोशन प्रवाहाची ताकद साधारण १५ गिगाबिट धरतात. आधी २५, ४० किंवा १०० गिगाबिटच्या कार्डावर पूर्ण वेग हवा असेल तर ॲडमिनला हाताने जास्तीचे व्हीएमकर्नल पोर्ट करून द्यावे लागत किंवा आतली सेटिंग्ज बदलावी लागत. ७.० च्या अपडेट २ पासून लिंकचा वेग बघून प्रवाहांची संख्या आपोआप ठरते. १०० गिगाबिटला सात प्रवाह.

क्यूईएमयूने हा आकडा वापरणाऱ्यावर का सोडला, हे मला पटत नाही. घाटमाथांसारख्या अनुभवी माणसाला विचारावं लागतंय, तर बाकीच्यांचं काय?

---

बिटवाईज

क्यूईएमयूला लिंकचा वेग माहीत नसतो हो. त्याच्या हातात फक्त एक सॉकेट असतं. खाली बॉन्ड आहे, व्हीलॅन आहे की बोगदा, होस्टवर आणखी किती व्हीएम त्याच वेळी हलतायत, हे वरच्या थराला माहीत. लिबव्हर्ट, ओपनस्टॅक, प्रॉक्समॉक्स यांनी ठरवावं, ही विभागणी मला योग्य वाटते. व्हीएमवेअरकडे तळापासून वरपर्यंत सगळं एकाच घरातलं, त्यांना आपोआप ठरवणं सोपं. पण वरच्या थरांनी आपलं काम पुरेसं केलेलं नाही, ही तक्रार रास्त आहे.

---

मुलुंडची_माधवी

मी जीपीयूवाल्या व्हीएमवर काम करते, आमचा त्रास वेगळा आहे. तिथे रॅमपेक्षा डिव्हाइसची अवस्था डोक्याला ताप देते. व्हीजीपीयूची (व्हीएमला दिलेला आभासी जीपीयू) अवस्था कित्येक जीबी असू शकते, आणि तिचा मोठा भाग व्हीएम थांबवल्यावरच पाठवता येतो. म्हणजे सगळा वेळ थेट खंडात मोजला जातो. पूर्वी ती मूळ कनेक्शनवरून, एकामागे एक डिव्हाइस, अशी जायची. २०२५ च्या १०.० मध्ये ती मल्टीएफडीच्या चॅनेलवरून पाठवायची सोय आली.

यातला मला आवडलेला निर्णय असा की डिव्हाइससाठी वेगळे राखीव चॅनेल न काढता रॅमचेच चॅनेल वापरले. राखीव चॅनेल पहिल्या फेरीपासून शेवटपर्यंत रिकामे बसले असते आणि अखेरच्या अर्ध्या सेकंदापुरते जागे झाले असते. सामायिक ठेवले की त्या अर्ध्या सेकंदात सगळी लिंक डिव्हाइसला मिळते. घेणाऱ्या बाजूला मात्र प्रत्येक डिव्हाइसला अवस्था भरायला वेगळा थ्रेड लागतो, कारण डिव्हाइसचा ड्रायव्हर डेटा गिळायला वेळ घेतो आणि तेवढा वेळ चॅनेल अडवून ठेवणं परवडत नाही.

---

अरुंधती_डीबीए

माधवी, मग वेगळा चॅनेल कधीच नको, असं म्हणायचं का?

---

मुलुंडची_माधवी

नाही, पोस्टकॉपीत हवाच. तिथे व्हीएम आधी पलीकडे चालू होतं आणि मेमरी मागून येते. न आलेल्या पेजला हात लागला की सीपीयू तिथेच थांबतो आणि ते पेज तातडीने मागवतो. हे तातडीचं पेज जर मागून येणाऱ्या ढिगाच्या रांगेत अडकलं तर व्हीएम पावलोपावली अडखळतं. म्हणून ७.१ मध्ये फक्त तातडीच्या पेजेससाठी एक स्वतंत्र चॅनेल दिला गेला. त्यातून डेटा फार जात नाही, पण जो जातो त्याला रांगेत उभं राहावं लागत नाही.

पोस्टकॉपी वापरताना एक धोका मात्र डोक्यात ठेवा. प्री-कॉपीत आठांपैकी एक चॅनेल तुटला तर मायग्रेशन फसतं, पण व्हीएम मूळ होस्टवर सुखरूप असतं. पोस्टकॉपीत अर्धी मेमरी इकडे आणि अर्धी तिकडे असताना नेटवर्क गेलं तर व्हीएम जागीच गोठतं. जोडणी परत आणून पुढे नेण्याची सोय २०१८ पासून आहे. पण मूळ होस्टच बंद पडला तर काही उरत नाही.

---

घाटमाथा

मंडळी, किती भरभरून लिहिलंत. मनापासून आभार.

सुचवलेल्या क्रमानेच गेलो. बॉन्डचं धोरण लेयर २ होतं, निशाचर म्हणाले तसंच. लेयर ३+४ केलं. मशीन टाइप जुना आहे, पण तो बदलायला व्हीएम बंद करावं लागेल, ते पुढच्या नियोजित बंदमध्ये. क्वेरी रेंगाळण्याचं कारणही सापडलं : चॅनेलचे थ्रेड मोकाट होते, व्हीएमच्याच कोअरवर जाऊन बसत होते. लिबव्हर्टच्या एम्युलेटरपिनने त्यांना वेगळे कोअर दिले, नेटवर्क कार्ड ज्या न्यूमा नोडवर (प्रोसेसर आणि त्याच्या जवळची मेमरी यांचा गट) आहे तिथलेच. आता सोळा चॅनेल लावले तरी डेटाबेसला धक्का नाही.

पण वेग अजून २५ च्या पुढे जात नाही. पाठवणाऱ्या होस्टवर दोन्ही पोर्ट समसमान चालताना दिसतात, घेणाऱ्या होस्टवर मात्र एकच पोर्ट भरलेला आणि दुसरा रिकामा. हे कोडं सुटत नाहीये.

---

निशाचर_अ‍ॅडमिन

घाटमाथा, तुमचं हॅश फक्त होस्टमधून बाहेर पडतानाचा रस्ता ठरवतं. स्विचमधून घेणाऱ्या होस्टकडे जाताना कोणता पोर्ट, हे स्विचचं हॅश ठरवतं. तिथेही मॅकवरच असणार. दोन पोर्टमधून येतंय आणि एकातून बाहेर पडतंय, म्हणजे स्विचच्या त्या पोर्टवर पॅकेट गळतही असतील. ड्रॉपचा काउंटर बघा. नेटवर्क टीमला सांगून तिथे पोर्ट क्रमांकासकट हॅश करून घ्या.

---

सह्याद्री_सर्व्हर

+१. आणि एम्युलेटरपिनमध्ये कोअर किती दिलेत? दोन दिले असतील तर सोळा थ्रेड त्या दोघांवरच भांडतील.

---

घाटमाथा

सह्याद्री, सहा दिले आहेत. म्हणून चॅनेलही आता आठवर आणले.

निशाचर, अचूक! स्विचवर ड्रॉप होतेच. नेटवर्क टीमने दुपारी हॅश बदललं, आज रात्री पुन्हा हलवलं. घेणाऱ्या होस्टचे दोन्ही पोर्ट चालले आणि वेग पहिल्यांदाच २५ च्या वर बराच गेला. ऑटो-कन्व्हर्ज लावायची गरजच पडली नाही, अरुंधतीताई. आता मुख्य थ्रेड शंभरवर दिसतोय. आमचं क्यूईएमयू ८.२ आहे, म्हणजे शून्य पेजची तपासणी अजून त्याच्याकडेच. ९ च्या पुढे जायचं पॅकेज चाचणीत टाकलंय.

---

एडिनबर्गचा_पाटील

चाचणीत दोन्ही होस्टवर एकच आवृत्ती ठेवून बघा आणि मग नवीन-जुनी जोडी दोन्ही दिशांनी. प्रत्यक्षात अपग्रेड करताना एक होस्ट नवा आणि एक जुना असे दिवस येणारच आहेत.